न हाताळलेल्या कार्डांचे मोल

जुनी बेसबॉल कार्डे गुंतवणूक म्हणून टिकतात काय, या प्रश्नाला अमेरिकेत बहुधा एकच कार्ड उत्तर म्हणून पुढे केले जाते: टॉप्स कंपनीने १९५२ साली काढलेले मिकी मँटलचे. त्याची १९९१ साली ५०,००० डॉलरना घेतलेली एक प्रत ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना गेली. म्हणजे एकतीस वर्षे, दरसाल सुमारे साडेएकोणीस टक्के. शेअरबाजार इतके देत नाही, हे मान्य. पण लॉटरीची थोरवी ती जिंकलेल्याच्या तोंडून ऐकावी, तशातला हा प्रकार आहे.

मुळात ही प्रत दुर्मीळ झाली ती अनास्थेमुळे. ही कार्डे च्युइंगगमबरोबर मुलांना मिळत. मुले ती खिशात कोंबत, सायकलच्या आऱ्यांत अडकवत, आणि पुढे आया ती केरात टाकत. त्या वर्षीची न खपलेली कार्डे आपण १९६० साली अटलांटिक समुद्रात बुडवली, असे टॉप्सचे साय बर्गर सांगत असत. याउलट १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘पुढे किंमत येईल’ म्हणून लोकांनी पेट्याच्या पेट्या जपल्या, कंपन्यांनी बेसुमार छपाई केली, आणि त्यांतली बहुतेक कार्डे आज रद्दीच्या मोलाची आहेत. गुंतवणूक म्हणून जपलेली वस्तू नेमकी गुंतवणूक म्हणून निकामी ठरली!

आता ‘उच्च श्रेणी’विषयी. पीएसएसारख्या कंपन्या कार्डाचे कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्राचा मध्य तपासून एक ते दहा गुण देतात व कार्ड प्लॅस्टिकच्या डबीत बंद करतात. आठ आणि नऊ यांतला फरक साध्या डोळ्यांना क्वचितच दिसतो; किमतीत मात्र तो अनेक पटींचा असतो. (पहिल्या आवृत्तीच्या मूळ वेष्टनासाठी पुस्तकाहून अधिक मोजणाऱ्यांना यात नवल वाटू नये.) आमचा आक्षेप इथे आहे. शेवटच्या एकदोन गुणांसाठी दिलेला पैसा कार्डाला नव्हे, परीक्षकाच्या मताला दिलेला असतो.

आणि ते मत चुकू शकते. सिगारेटच्या पाकिटातून १९०९च्या सुमारास वाटलेले होनस वॅग्नरचे कार्ड घ्या. त्याच्या सर्वांत गाजलेल्या प्रतीला पीएसएने आठ गुण दिले होते. ती १९९१ साली ४ लाख ५१ हजार डॉलरना आणि २००७ साली २८ लाखांना विकली गेली. तिच्या कडा आपण कापल्या होत्या, अशी कबुली लिलावदार बिल मॅस्ट्रो यांनी २०१३ साली दिली.

तेव्हा कोणी आमचे मत विचारलेच, तर आम्ही सांगू: जुने घ्यावे, मूळचेच विरळ घ्यावे, आणि थोडे मळलेले असेल तर बिचकू नये. वॅग्नरचीच जेमतेम दोन गुणांची एक प्रत ऑगस्ट २०२२ मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलरना विकली गेली.