शाळा पाडण्याच्या ठरावाला हात वर करण्याआधी



येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आपल्या जिल्हा परिषद शाळेची जुनी इमारत निर्लेखित करून पाडण्याचा ठराव येणार आहे. त्याला विरोध करणारे आम्ही जुन्याला कवटाळून बसलो आहोत, गावाचा निधी घालवायला निघालो आहोत, असं पारावर बोललं जातंय. आम्ही याच शाळेत शिकलो. आमच्यातल्या अनेकांची मुलं-नातवंडं आजही तिथेच शिकतात. तेव्हा सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ज्या खोलीचं छत पडण्याची भीती आहे, त्या खोलीत उद्या सकाळी एकही मूल बसता कामा नये. त्यासाठी ग्रामसभेची किंवा निधीची वाट बघायची नाही. २८ ऑगस्ट २०१७ रोजी नगरजवळच्या निंबोडीत भर पावसात शाळेचं छत कोसळलं आणि तीन मुलं गेली. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानात, झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीत सात गेली. त्यानंतरही ‘बघू, करू’ म्हणत धोक्याच्या खोलीत वर्ग भरवणं हा आमच्या लेखी गुन्हा आहे. खोलीला कुलूप लावा, दारावर फळी ठोका, पोरांना त्या बाजूला फिरकू देऊ नका.

आमचा वाद याच्या पुढचा आहे. धोक्याची खोली नेमकी कोणती, हे कुणी ठरवलं?

ठराव म्हणतो, जुनी इमारत. म्हणजे रस्त्याकडेची कौलारू, लोकल बोर्डाच्या काळातली. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, त्याच्याही आधीची. चुन्यात बांधलेल्या काळ्या दगडाच्या दोन फुटी भिंती, सागवानी कैच्या, वर मंगलोरी कौलं. तिच्या मागे स्लॅबच्या खोल्या आहेत, त्या सर्व शिक्षा अभियानातल्या, म्हणजे २००१ नंतरच्या. ठरावाच्या मसुद्यात त्यांचा उल्लेखसुद्धा नाही.

आता पाऊस चालू आहे तोवर दोन्हीकडे जाऊन मान वर करून बघा. कौलारू इमारतीत उत्तरेच्या कोपऱ्यात कौलं फुटली आहेत. तिथला वासा काळा पडलाय, रिपा वाळवीने खाल्ल्या आहेत, खाली घमेलं ठेवलंय. बाहेरून भिंतीला कुणीतरी मागे सिमेंटचा गिलावा मारला, तेव्हापासून आतली ओल बाहेर पडायचं बंद झालं आणि जमिनीलगतचा भाग फुगून आलाय. मूळच्या चुन्याच्या भिंतीतून ओल सुकून जायची. हे सगळं वाईट दिसतं. पण वासा बदलता येतो, रिपा बदलता येतात, कौलं परतता येतात. गिलावा काढून पुन्हा चुन्याचा करता येतो. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात दर वर्षी मृगाच्या आधी शाळेची शाकारणी व्हायची. ती बंद पडली, आणि त्याचं खापर आता इमारतीच्या वयावर फोडलं जातंय.

मग मागच्या तिसरीच्या वर्गात या. छताला तांबूस डागांच्या सरळ रेषा दिसतील, सळई जाते तिथून तिथून. फळ्याच्या वर हातभर पोपडा पडून सळया उघड्या पडल्या आहेत. सळईवर बोट चोळलं की गंजाचे पापुद्रे हातात येतात. त्याच्या खाली बोलक्या भिंतीवर बे ते दहाचे पाढे रंगवलेत आणि सातच्या पाढ्यातून तडा गेलाय. हाच पोपडा गेल्या पावसाळ्यात पडला होता. त्यावर गिलावा मारून पिवळा रंग दिला, बिल निघालं. या पावसात तोच गिलावा खाली आला. सुदैवाने त्या दिवशी रविवार होता.

कोणत्याही जाणत्या गवंड्याला विचारा, स्लॅब असा का सडतो. सळईखाली कव्हर ठेवायचं असतं, ते नीट ठेवलं नाही. माल पातळ केला, कारण पातळ माल पसरायला सोपा. आळी करून पाणी साठवायचं, ते दोन-चार दिवसांत थांबलं. वरून गळती सुरू झाली, पाणी सळईपर्यंत पोचलं. गंजलेलं लोखंड मूळच्या दुपटीहून जास्त फुगतं आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडतं. त्यावर गिलावा मारणं म्हणजे गळू झाकून वर पावडर लावणं. खरी दुरुस्ती करायची तर सैल काँक्रीट खरवडून काढावं लागतं, सळई घासून स्वच्छ करावी लागते, तिची जाडी किती उरली ते मोजावं लागतं, गरज असेल तिथे नवी सळई जोडावी लागते, आणि मगच भर घालून वरची गळती बंद करावी लागते. सळई फार खाल्ली गेली असेल तर ती खोली पाडायची. तिथे आम्ही स्वतः पाडा म्हणू. पाडायची खोली नवी निघाली तरी चालेल, पण तपासून पाडा.

दगडी म्हणजे पक्की, असंही आम्ही म्हणत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत काय झालं ते या महाराष्ट्राने पाहिलंय. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाचं ओझं यांनीच माणसं गाडली. त्या भिंतींना बाहेरून एक थर, आतून एक थर, मध्ये दगडमातीची भर आणि दोन्ही थर बांधून ठेवणारे आरपार दगड नाहीत, हे त्यांचं मरण होतं. पण किल्लारीची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. बावन्न गावं नव्याने वसवली. त्याखेरीज लातूर-उस्मानाबादच्या आसपास हजारो घरं न पाडता मजबूत केली गेली: भिंतीला भोकं पाडून आरपार काँक्रीटचे सांधे, भिंतींवरून फिरवलेला पट्टा, लाकडी सांध्यांना आडवे-तिरके आधार. तीस वर्षांपूर्वी, खेड्यात, आपल्याच गवंड्यांकडून हे करून घेतलं गेलं. आपली कौलारू शाळा चुन्यातली आहे, मातीतली नाही. तिच्यात आरपार दगड आहेत की नाहीत हे दोन ठिकाणी भिंत उघडून पाहिलं की कळतं. अजून कुणी पाहिलेलं नाही. ठराव मात्र तयार आहे.

घाई कशाची आहे, हेही उघड बोलूया. दुरुस्तीच्या नावाने येणारा पैसा तुटपुंजा असतो. समग्र शिक्षातून शाळेला मिळणारं संयुक्त अनुदान पटावर ठरतं: तीसपर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार रुपये, शंभरपर्यंत २५ हजार. त्यातच वीजबिल, त्यातच खडू, त्यातच शौचालयाची साफसफाई. यात कौलं कुठून परतणार? नव्या खोल्यांचा निधी मात्र लाखांत येतो. त्याची निविदा निघते, त्याचं भूमिपूजन होतं, त्यावर कोनशिला बसते. पन्हळ साफ केल्याची कोनशिला कुणी लावत नाही. म्हणून वर्षानुवर्षं पन्हळ तुंबू द्यायची, वासा कुजू द्यायचा, आणि मग ‘इमारत मोडकळीस आली’ असा अहवाल मागवायचा. हे चक्र आपल्याच शाळेचं नाही, महाराष्ट्रभर चालू आहे. नव्या स्लॅबची देखभालही अशीच होणार असेल, तर पंधरा-वीस वर्षांनी आपली मुलं पुन्हा असंच पत्रक छापतील.

आणि पाडल्यानंतर काय? आपल्याच तालुक्यातल्या एका गावाचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, नाव लिहीत नाही. शाळा पाडली, वर्ग समाजमंदिरात गेले. तीन इयत्ता एका हॉलमध्ये. लग्नसराईत हॉल लग्नाला द्यायचा म्हणून शाळेला सुट्टी. पोषण आहाराची चूल उघड्यावर. मुलींना स्वच्छतागृह नाही, म्हणून पाचवीच्या मुली दुपारनंतर घरी. नवी इमारत मंजूर होती म्हणे, पण प्रशासकीय मान्यता आणि कार्यारंभ आदेश यांच्यामध्ये वर्षं गेली. तेवढ्यात ज्यांना परवडतं त्यांनी पोरांना पिवळ्या बसमध्ये बसवून इंग्रजी शाळेत धाडलं. पट घसरला. कमी पट म्हटलं की पुढचं आपल्याला ठाऊक आहे. २०२३ मध्येच सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले होते, पानशेत आणि तोरणमाळच्या समूह शाळांचे दाखले देऊन. इमारत नसलेली, पट घसरलेली शाळा त्या यादीत सगळ्यात वर जाते. ज्यांच्याकडे बसचे पैसे नाहीत त्या ऊसतोड्याच्या, शेतमजुराच्या मुलाने मग दुसऱ्या गावी चालत जायचं. शाळा पाडण्याचा खरा धोका हा आहे आणि ठरावात त्यावर एक ओळ नाही.

आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. शाळेची जागा गावातल्या एका घराण्याने दान दिली, हे सगळे सांगतात. सातबाऱ्यावर आज नाव कुणाचं आहे? दानपत्राची नोंद झाली का? इमारत उभी आहे तोवर जागेवर कुणी बोट ठेवत नाही. मोकळं मैदान झालं, तेही रस्त्याला लागून, की व्यापारी गाळ्यांची भाषा सुरू होते. दुसरं, त्या सागवानी कैच्या, तो घडीव दगड आणि शाबूत कौलं यांचा लिलाव कोणत्या किमतीला होणार? निर्लेखनाच्या कागदावर ‘भंगार’ म्हणून लिहिलेलं सागवान नंतर कुणाच्या बंगल्यात बसलेलं दिसतं, हे आपण पाहिलेलं आहे.

आमचं म्हणणं असं. खोलीनिहाय तपासणी करा, जुन्या आणि नव्या सगळ्या खोल्यांची, आणि आत्ता, पाऊस असताना. ऑक्टोबरच्या उन्हात गळती दिसत नाही. बांधकाम विभागाच्या शाखा अभियंत्याने दारातून बघून दिलेला दाखला आम्हाला चालणार नाही. संरचनात्मक तपासणी हवी, स्लॅबला हातोडीची आणि सळईच्या गंजाची चाचणी हवी, लाकूड टोचून बघायला हवं, अहवाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागायला हवा. त्यावरून दुरुस्तीचं आणि नव्या बांधकामाचं, अशी दोन्ही अंदाजपत्रकं शेजारी शेजारी मांडा. ज्या खोल्या पाडायच्या ठरतील त्यांच्या जागी नव्याचा कार्यारंभ आदेश हातात आल्याशिवाय कुदळ लागता कामा नये, आणि मधल्या काळातले वर्ग, स्वयंपाकघर आणि मुलींचं स्वच्छतागृह कुठे असेल ते आधी लिहून द्या. निघणारा प्रत्येक वासा आणि दगड मोजून नोंदवा. चांगला माल शाळेच्याच संरक्षक भिंतीला आणि किचन शेडला वापरा.

हे मागायचा हक्क आपल्याला कायद्याने आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्मे सदस्य महिला. कलम २२ सांगतं की शाळा विकास आराखडा ही समिती करते आणि अनुदानाचा आधार तो आराखडा असतो. आपल्या समितीने हा आराखडा शेवटचा कधी वाचला? मुख्याध्यापकांनी समोर ठेवलेल्या कागदावर सह्या करणं एवढंच समितीचं काम नाही. समितीवरच्या आयांनो, तुमच्या मुलांच्या डोक्यावरच्या छताचा हा प्रश्न आहे. या महिन्याच्या बैठकीत आराखडा मागा आणि त्यात खोलीनिहाय तपासणीची मागणी लिहून घ्या.

शेवटी ग्रामसभेबद्दल. गणसंख्या नाही म्हणून सभा तहकूब झाली की पुढच्या सभेला गणसंख्येची अट राहत नाही, आणि मग पंधरा माणसांत ठराव होतो. म्हणून २ ऑक्टोबरलाच या. बायामाणसांनी या, मजुरीवर जाणाऱ्यांनी अर्धा दिवस काढून या. हजेरीच्या वहीत सही करण्याआधी ठराव मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, ‘ठराव नंतर लिहू’ हे मान्य करू नका. आमच्या उपसूचनेचा मसुदा या पत्रकाच्या मागच्या बाजूला छापलाय. तो सभेत मांडायचा, मतदान मागायचं, आणि सभा संपली की ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे ठरावाच्या नकलेसाठी अर्ज देऊन पोच घ्यायची.

आपले,
शाळेचे माजी विद्यार्थी आणि पालक