पकडलेले हरीण नंतर का मरते?

उन्हाळ्यात रानातले पाणवठे आटले की एखादे चितळ वस्तीत शिरते. कुत्री मागे लागतात, माणसे जमतात, मोबाइल बाहेर निघतात. बऱ्याच धावपळीनंतर ते जाळीत सापडते आणि टाळ्या पडतात. पुढे कधी तरी दोन ओळींची बातमी येते: हृदयविकाराच्या धक्क्याने हरणाचा मृत्यू. अंगावर जखम नसल्याने हे कारण सगळ्यांना पटते.

खरे कारण अनेकदा स्नायूंत असते. पशुवैद्य त्याला ‘कॅप्चर मायोपॅथी’ म्हणतात. वाघ-बिबट्याचा हल्ला थोडक्यात आटोपतो. तेवढ्यापुरती अॅड्रेनॅलिनची लाट हरणाचा जीव वाचवते. माणसांच्या घेऱ्यात मात्र पळ संपतच नाही. स्नायूंना प्राणवायू अपुरा पडतो, लॅक्टिक आम्ल साचते, अंग तापते आणि पेशी फुटू लागतात. त्यांतून सुटलेले पोटॅशियम हृदयाची लय बिघडवते, तर मायोग्लोबिनमुळे मूत्रपिंडे निकामी होतात. लघवी गडद तपकिरी होते. भर उन्हात झेपेल त्यापलीकडे व्यायाम करणाऱ्या माणसाची मूत्रपिंडेही याच वाटेने बंद पडू शकतात. हरीण काही तासांत दगावते, किंवा बरे दिसत असताना काही दिवसांनी. हमखास उपचार नाही.

इंग्लंडमध्ये पॅट्रिक बेटसन आणि एलिझाबेथ ब्रॅडशॉ यांनी शिकारी कुत्र्यांनी पाठलाग केलेली ६४ ‘रेड डिअर’ तपासली. पाठलाग सरासरी १९ किलोमीटर चाले. कॉर्टिसॉल कमालीचे वाढलेले, स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा संपलेला. १९९७ मध्ये हा अहवाल येताच ‘नॅशनल ट्रस्ट’ने आपल्या जमिनींवर ही शिकार बंद केली. शिकारप्रेमींनी आक्षेप घेतले, वाद बरीच वर्षे चालला. पण तो यातना किती यावर होता, थकव्यावर नव्हे.

मध्य प्रदेशात चितळ हलवताना ‘बोमा’ पद्धत वापरतात. नरसाळ्यासारख्या कुंपणातून कळप थेट वाहनात जातो, कोणी हात लावत नाही. गावात आलेल्या एकट्या हरणासाठी एवढा सरंजाम कुठून आणणार? पण कुत्री बांधता येतात, गर्दी हटवता येते, वनविभागाला १९२६ वर कळवता येते. रानाकडची वाट मोकळी ठेवून अंधार पडेपर्यंत थांबले, तर बरेचदा ते आपणहून निघून जाते. पकडण्यावाचून गत्यंतर नसेल, तर ते काम वनविभागाच्या पथकाने करावे: डोळ्यांवर कापड, आजूबाजूला शांतता आणि फोटो अजिबात नाही.