भावाची लढाई आणि सेवेचे मोल

अमेरिकेत हौशी पाणबुड्यांना साहित्य पुरविणारी स्थानिक दुकाने आज एका पेचात सापडली आहेत. गिऱ्हाईक दुकानात येते, पोशाख अंगावर चढवून पाहते, श्वसनयंत्राची बारकाईने माहिती घेते आणि खरेदी मात्र इंटरनेटवरील स्वस्त विक्रेत्याकडून करते. सल्ल्याचा खर्च एकाचा, विक्री दुसऱ्याची! अर्थशास्त्रज्ञ लेस्टर टेल्सर यांनी १९६० मध्येच अशा फुकट लाभाचे विवेचन केले होते.

उत्पादकानेच किमान विक्रीभाव बांधून द्यावा, असा उपाय यावर सुचविला जातो. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९११ पासून निषिद्ध मानलेली ही प्रथा सरसकट बेकायदा नाही, असा निर्णय २००७ मध्ये लीजिन खटल्यात दिला. परंतु बांधलेला भाव म्हणजे सल्ला न मागणाऱ्या ग्राहकावरही बसविलेला करच होय.

खरा मार्ग निराळा आहे. हवेची टाकी टपालाने भरून येत नाही. वापरातल्या टाकीची दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली चाचणी करावी लागते. प्रशिक्षणही पाण्यात उतरूनच द्यावे लागते. या सेवांचे मोल मालाच्या किमतीत दडविण्याऐवजी दुकानदाराने ते उघडपणे वेगळे आकारावे, सल्ल्याचे शुल्क खरेदीतून वजा करावे आणि इतर दुकानदारांसह एकत्रित खरेदी करून मालाचा भाव उतरवावा.

ग्राहकानेही एक हिशेब मांडावा. गावातले दुकान बंद पडल्यास स्वस्तात घेतलेली टाकी भरावयाची कोठे?