कॅमेरे वाढले, पाहणे घटले!

दिवाळीची सुटी लागली, की निम्मा महाराष्ट्र प्रवासास निघतो. वेरूळ असो, अजिंठा असो, कार्ले असो. जावे तेथे माणसांची रीघ आणि प्रत्येकाच्या हाती कॅमेऱ्याचा मोबाईल! एकेकाळी केवळ श्रीमंतांची चैन असलेली ही कला आज रिक्षावाल्याच्या आणि शेतकऱ्याच्या मुलाच्या हाती आली, याचा आम्हांस आनंदच वाटतो. परंतु सहलीहून परतलेल्या मंडळींची छायाचित्रे पाहावीत, तर काय दिसते? पुढे आपला चेहरा, मागे धूसर दगड! शेकडो चित्रांत एकही असे सापडू नये, की ज्यावरून घरी राहिलेल्या आजीस त्या स्थळाची कल्पना यावी?

दोष यंत्राचा नाही. मेजर रॉबर्ट गिल यांची 1844 साली अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमणूक झाली. वर्षानुवर्षे खपून त्यांनी रंगविलेल्या नकलांपैकी बहुतेक 1866 साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. याच गिलसाहेबांनी पुढे कॅमेराही हाती घेतला. त्यांनी टिपलेल्या लेण्यांच्या छायाचित्रांचे पुस्तक 1864 साली निघाले. त्या काळी ओल्या काचपट्टीच्या पद्धतीत काचेला रसायन लावावयाचे, ते सुकण्यापूर्वी चित्र घ्यावयाचे आणि तेथल्या तेथे अंधारात ती काच धुवावयाची, असा खटाटोप असे. एक चित्र म्हणजे एवढे कष्ट. म्हणून काच चढविण्यापूर्वी माणूस नीट पाहून घेई. आज कष्ट संपले, आणि त्यांच्याबरोबर पाहणेही संपले!

पाहावयाचे म्हणजे प्रथम प्रकाश पाहावयाचा. वेरूळच्या लेण्यांची तोंडे पश्चिमेकडे आहेत. सकाळी कैलासाचे अंगण कड्याच्या सावलीत असते. भर दुपारी ऊन डोक्यावरून ओतते आणि कोरीवकाम सपाट दिसते. तिसऱ्या प्रहरी तेच ऊन तिरपे होते, आणि दगडातील प्रत्येक वळण उठून दिसू लागते. दहाव्या, विश्वकर्मा लेण्यातील बुद्धमूर्तीवर उजेड येतो तोही दुपार कलल्यावर. कार्ल्याचे चैत्यगृहही पश्चिमाभिमुखच. सकाळी धावतपळत येऊन दुपारी परतणाऱ्यास यांतले काय मिळणार? एक स्थळ कमी पाहावे, पण त्याच्या योग्य वेळी पाहावे. हा पहिला नियम.

दुसरा नियम प्रमाणाचा. एका अखंड खडकातून, वरून खाली कोरीत आणलेल्या कैलासाची भव्यता कॅमेऱ्यापुढे चेहरा आणल्याने कशी कळावी? स्वतःचे चित्र हवेच असेल, तर दूर त्या ध्वजस्तंभाच्या पायाशी उभे राहावे. माणूस लहान दिसेल. पण त्या लहानपणातच शिल्प किती मोठे आहे, हे पाहणाऱ्यास कळेल.

तिसरा नियम संयमाचा. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. जुने रंग प्रकाशाने हळूहळू विटतात, आणि विटलेला रंग पुन्हा येत नाही. शिवाय त्या झोताने चित्र तरी कोठे चांगले येते? पुढचे कठडे झळकतात आणि भिंत काळीच राहते! त्यापेक्षा दहा मिनिटे स्वस्थ उभे राहावे. डोळे अंधारास सरावले, की भिंतीवरची माणसे एकेक करून प्रकट होतात. मग दोन्ही कोपरे अंगाशी धरून, श्वास रोखून, हात न हलविता एकच चित्र घ्यावे. ते थोडे काळोखे येईल. येऊ द्या! तो काळोख त्या लेण्याचाच आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचा नियम माणुसकीचा. चंद्रभागेच्या वाळवंटात स्नान करणारी वारकरी स्त्री किंवा बंदरावर मासळी निवडणारी कोळीण ही काही प्रेक्षणीय स्थळे नव्हेत. परवानगी न घेता तिच्यावर कॅमेरा रोखणे ही कला नव्हे, ती आगळीक आहे. आधी नमस्कार करावा, चार शब्द बोलावेत, मग विचारावे. ती नाही म्हणाली, तर कॅमेरा खाली घ्यावा. हो म्हणाली, तर ते चित्र तिच्या घरच्यांच्या मोबाईलवर तेथेच पाठवून द्यावे. असे घेतलेल्या चित्रात तिच्या नजरेत संकोच नसतो, आणि चित्रही अधिक चांगले येते.

आमची पुरातत्त्व आणि पर्यटन खात्यांना एक सूचना आहे. निषेधाच्या पाट्यांच्या जोडीला, कोणत्या लेण्यात कोणत्या वेळी उजेड येतो, हे सांगणारी एक मराठी पाटीही प्रवेशद्वाराशी लावावी. खर्च अल्प, लाभ मोठा. आणि सहली नेणाऱ्या शिक्षकांनी मुलांना एवढेच सांगावे, की प्रत्येकाने दिवसाकाठी दहाच छायाचित्रे घ्यावीत आणि प्रत्येक का घेतले ते सांगावे. असे झाले, तर या सुटीत मोबाईल थोडे रिकामे परततील. पण मुले मात्र काहीतरी पाहून परततील.