मुल्की की कोवळम?

(तृतीय वर्ष कला, भूगोल)

परीक्षा संपल्यावर कुठे जायचे, हा आमच्या कट्ट्यावरचा दरवर्षीचा वाद. यंदा त्याला निराळेच वळण लागले. लाटेवर फळी घालून उभे राहण्याचा खेळ, म्हणजे सर्फिंग, शिकायचे असे आम्हा चौघांच्या मनाने घेतले. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकपासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला आहे, तेव्हा त्याला थिल्लरपणा म्हणण्याची सोय उरलेली नाही. प्रश्न एवढाच की, शिकायचे कुठे? तिघे म्हणाले मुल्की. मी म्हटले कोवळम. तेव्हापासून मी एकटी पडले आहे. म्हणून हा लेखप्रपंच!

आधी एक खुलासा. कोवळम म्हटले की सर्वांना केरळ आठवते. मी म्हणते ते कोवळम तामिळनाडूतले, चेन्नईच्या दक्षिणेला सुमारे ४० किलोमीटरवरचे मच्छीमारांचे गाव.

मुल्कीची बाजू लंगडी नाही, हे प्रथम मान्य करते. मंगळूरच्या अलीकडचे हे गाव कोकण रेल्वेवर आहे. आमच्या सिंधुदुर्गातून गाडीत बसले की थेट उतरता येते. शांभवी आणि नंदिनी या नद्या तिथे समुद्राला मिळतात, त्यामुळे नवशिक्याला आधी खाडीच्या संथ पाण्यात वल्हे मारण्याचा सराव करता येतो. जॅक हेबनर नावाच्या अमेरिकन संन्याशाने २००४ साली तिथे चक्क सर्फिंगचा आश्रम काढला. पहाटे उठणे, योगासने, शाकाहार, मद्य-तंबाखू वर्ज्य. माझ्या घरच्यांना तर हे ऐकूनच निम्मे समाधान वाटले! तन्वी जगदीश ही उभ्याने वल्हवण्याच्या स्पर्धांत देशातर्फे उतरलेली मुलगीही याच पाण्यावर शिकलेली. आणि समुद्र कोणता? आपलाच, अरबी. माती लाल, माड तसेच.

मग माझे घोडे कुठे अडते? मी वेंगुर्ल्याकडच्या गाबितांच्या घरातली. काका अजून होडी घेऊन जातात, रापणीला सारी वाडी दोरी ओढते. नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्यावाचून कुणी दर्यात उतरत नाही. सर्फिंगचा विषय काढताच आत्या म्हणाली, “दर्याची मस्करी करूची नाय, चेडवा! तो पोट भरता.” या वाक्याला मुल्कीकडे उत्तर नाही असे मला वाटते. तिथे हा खेळ बाहेरून आला. शिस्तीसह, आसनांसह आला. आज तिथली स्थानिक मुलेही उत्तम शिकवतात, पण मूळ रोप परके.

कोवळमची कथा उलटी आहे. मूर्ती मेगवन हा तिथला मच्छीमार. लहानपणी लाकडाच्या फळीवर लाटा झेलणारा. पुढे खरी सर्फिंगची फळी मिळाल्यावर त्याने गावातल्या पोरांना शिकवायला सुरुवात केली आणि २०१२ साली अरुण वासू यांच्या मदतीने तिथे शाळा उभी राहिली. म्हणजे आत्याच्या प्रश्नाचे उत्तर आत्याच्याच जातकुळीच्या माणसाने दिले: पोट भरणाऱ्या समुद्राशी खेळताही येते आणि त्या खेळावर पोटही भरता येते. यात नवल तरी काय? ‘कट्टुमरम’ हा तमिळ शब्द, बांधलेले ओंडके या अर्थाचा. इंग्रजांनी त्याचा ‘कॅटामरान’ केला. त्या ओंडक्यांवरून फुटत्या लाटा ओलांडून घरी येणारी माणसे शतकानुशतके दुसरे काय करीत होती!

आता थोडा भूगोल, कारण पंचांग पाहिल्यावाचून हा प्रवास करू नये. नैर्ऋत्य मोसमी वारे जूनपासून पश्चिम किनाऱ्यावर थेट आदळतात. मुल्कीचा समुद्र त्या दिवसांत नवशिक्याचा नव्हे. तेच वारे पूर्व किनाऱ्यावर जमिनीकडून समुद्राकडे जातात. त्यामुळे सकाळच्या वेळी, दक्षिणेच्या दूर महासागरातून आलेली लाट लगेच कोसळत नाही, उभी राहते. म्हणून कोवळमच्या चांगल्या लाटा मे ते सप्टेंबर. उलट ऑक्टोबर ते डिसेंबर तिथे ईशान्य मोसमी पाऊस आणि वादळे, तर मुल्की शांत. सारांश, दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्याने खुशाल मुल्कीला जावे. आमची सुट्टी मे महिन्यातली आहे, आणि मेमध्ये कोवळम काही वावगे नाही.

अर्थात कोवळमला गैरसोयी आहेत. गाड्या बदलाव्या लागतात, भाडे जास्त, उकाडा मरणाचा, भाषेचा गंध नाही. आश्रमाची शांतता तर नाहीच. पण परत येताना आपण काय आणणार, हा माझा प्रश्न आहे. मुल्कीहून मी स्वतःपुरती शिस्त आणीन. कोवळमहून वाडीतल्या पोरांना सांगण्यासारखी एक गोष्ट आणीन. उद्या आमच्या किनाऱ्यावर हा खेळ येणारच. तेव्हा आमची मुले फळ्या भाड्याने देणाऱ्या परक्याकडे फळ्या धुवायला राहतील, की गुरू होतील, हे आज कुणीतरी पाहून यायला हवे.

जाता जाता आमच्या जिमखान्याला एक विनंती. वर्गाच्या खिडकीतून समुद्र दिसतो, पण आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींना पोहता येत नाही. परतीच्या प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याकडे झगडत न बसता आधी किनाऱ्याला समांतर सरकावे, ही साधी गोष्टही आम्हाला कुणी शिकवली नाही. कॅरमबोर्ड दोन आहेत; तिसरा यंदा नाही आला तरी चालेल. त्या पैशांत पोहायला शिकवणारा आणा.

मुल्की की कोवळम, हे मग ठरवू. फळी नंतर, आधी पाणी.