स्त्री-वकील : सनद मिळाली, पुढे काय?

लोणावळा, कामशेत, तळेगाव येथून सकाळच्या लोकलने पुण्यास जाणाऱ्या प्रवाशांत काळा कोट हातावर टाकलेल्या तरुणी आता नवलाचा विषय राहिलेल्या नाहीत. मावळ तालुक्याचे न्यायालय वडगावला, जिल्ह्याचे मुख्य न्यायालय शिवाजीनगरला. या दोहोंत त्यांचा दिवस वाटला जातो. सायंकाळी स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि सारे निजल्यावर उद्याच्या दाव्याचे कागद. त्यांच्या जिद्दीचे कौतुक करण्याची आपल्याकडे प्रथा आहे. परंतु प्रश्न जिद्दीचा नसून वकिली व्यवसायाच्या अर्थरचनेचा आहे.

कायद्याची बंदी शंभर वर्षांपूर्वीच उठली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ साली ऑक्सफर्ड येथे कायद्याची परीक्षा दिली; पण भारतातील स्त्रियांना वकिलीचे दार निर्विवादपणे उघडले ते १९२३ च्या कायद्याने. मुंबई उच्च न्यायालयाला पहिल्या स्त्री-न्यायाधीश, सुजाता मनोहर, लाभल्या त्या १९७८ साली. आज कायद्याच्या महाविद्यालयांत मुलींची वाण नाही. मग त्या पुढे जातात कोठे?

या संदर्भात दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. तत्कालीन सरन्यायाधीश रमणा यांनी २०२१ साली सांगितल्याप्रमाणे देशातील वकिलांत स्त्रियांचे प्रमाण जेमतेम १५ टक्के होते. उलट, सर्वोच्च न्यायालयाच्याच २०२३ च्या अहवालानुसार जिल्हा व तालुका पातळीवरील न्यायाधीशांत ते ३६.३ टक्के होते. विद्या तीच, कायदा तोच. मग ही तफावत का? कनिष्ठ न्यायाधीशाची निवड स्पर्धापरीक्षेने होते, वेतन ठरलेले असते आणि प्रसूतीची रजा हक्काची असते. वकिलीत यांपैकी काहीच नाही. उच्च न्यायालयांतील बहुतेक न्यायाधीश वकिलांतून निवडले जातात आणि तेथे, त्याच अहवालाप्रमाणे, स्त्रियांचे प्रमाण १३.४ टक्क्यांवर येते. याचा अर्थ उघड आहे : स्त्रिया गुणवत्तेत उण्या पडत नाहीत, व्यवसायाची घडी त्यांना टिकू देत नाही.

ही घडी कशी आहे? सनद घेतल्यावर पहिली काही वर्षे ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली नाममात्र मोबदल्यावर काढावी लागतात. नवोदितांना शहरात दरमहा किमान २० हजार व ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ साली केली. पण ती शिफारसच आहे. पक्षकार जमू लागतात तेव्हा वय तिशीच्या आसपास असते, आणि विवाह व मातृत्वाचा काळही नेमका तोच. सहा महिने न्यायालयात न दिसलेल्या वकिलाकडे पक्षकार परतत नाहीत. मुंबईच्या मोठ्या विधिसंस्थेत पगारावर काम करणाऱ्या स्त्रीला २०१७ च्या दुरुस्तीनुसार २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळू शकते. वडगावच्या स्वतंत्र वकील स्त्रीला मालकच नाही. मग रजा देणार कोण? मातृत्वाचा सारा खर्च तिच्या घरावर आणि तिच्या भवितव्यावर पडतो.

हे नुकसान तिच्यापुरते राहत नाही. द्रुतगती महामार्गानंतर मावळातील जमिनीला सोन्याचा भाव आला. महाराष्ट्राने १९९४ साली व संसदेने २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा दिला; परंतु हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेण्याची रीत काही संपली नाही. भावाविरुद्ध बोलायला कचरणारी अशी बहीण स्त्री-वकिलाजवळ अधिक मोकळेपणाने मन उघडील, असे मानण्यास जागा आहे. त्या वकील स्त्रीने व्यवसाय सोडला, तर सल्ल्याचे एक दार या बहिणीलाही बंद होते.

प्रतिनिधित्वाची चळवळ अलीकडे फळाला येऊ लागली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली आपल्याच बार असोसिएशनच्या कार्यकारिणीत स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखून ठेवण्याचा आदेश दिला. हे स्वागतार्हच आहे. तथापि राखीव जागेवर बसण्यासाठी स्त्री आधी व्यवसायात टिकली पाहिजे. वकिली हा स्वतंत्र व्यवसाय आहे, त्यात कोणी कोणाला पोसत नाही, असा आक्षेप येईल. परंतु वकिलांच्या कल्याण निधीचा कायदा महाराष्ट्रात १९८१ पासून आहे आणि त्याचे तिकीट वकीलपत्रावर लागतेच. या निधीतून प्रसूतिकाळात ठरावीक साहाय्य देणे, तालुका न्यायालयात पाळणाघर काढणे आणि सुनावणीची वेळ शक्यतो आधी निश्चित करणे, यांत अशक्य असे काय आहे?

दिवसाचे काम आटोपून लोणावळ्याच्या लोकलमध्ये बसणाऱ्या त्या तरुणीला समाजाकडून शाबासकी नको आहे. पुढच्या पाच वर्षांचा हिशेब जमावा, एवढीच तिची अपेक्षा आहे. आणि तो जमवून देणे हे केवळ तिच्या घराचे काम नव्हे.