वर्णाचा रकाना

शिरूर अनंतपाळ असो, निलंगा असो की उदगीर. मुलीचा बायोडाटा हातात आला की शिक्षणाआधी नजर जाते ती ‘वर्ण’ या रकान्यावर. तिथे ‘सावळी’ लिहायला आईबाप धजत नाहीत. ‘निमगोरी’, ‘गव्हाळ’ असे काहीतरी लिहून वेळ मारून नेतात. यावर बोलावे तर उत्तर ठरलेले: ‘आवड ज्याची त्याची!’

आवडीला भाव लागत नाही. इथे मात्र मुलगी सावळी म्हणून बैठकीत हुंड्याचा आकडा वर सरकतो. १९६१ चा हुंडाबंदी कायदा कागदावरच राहतो. बापाने रान विकून ज्या आवडीची किंमत मोजायची, तिला वसुली म्हणतात.

दुसरे म्हणणे, हे खूळ इंग्रजांनी आणले. तेही मला मान्य नाही. सावळी कांती टाकून गौरी होण्यासाठी पार्वतीने तप केल्याची कथा आपल्या पुराणांतलीच आहे. पण म्हणून ‘गोरेपण हीच आपली परंपरा’ असेही ठरत नाही. महाभारतातली सर्वांत देखणी स्त्री द्रौपदी सावळी, म्हणूनच ती कृष्णा. अजिंठ्याच्या भिंतींवर सावळ्या स्त्रिया गोऱ्यांच्या बरोबरीने, त्याच दिमाखात रंगवल्या आहेत. बायोडाट्यातला ‘सडपातळ बांधा’ही सनातन नाही. देगलूरजवळ होट्टलला चालुक्यकाळातल्या मंदिरांवरच्या सुरसुंदरी पाहाव्यात; भरल्या अंगाच्या, रुंद कमरेच्या. संस्कृत कवींनी तर पोटावरच्या तीन वळ्यांना सौंदर्याचे लक्षण मानले. आणि आषाढीला ज्याच्या पायांवर डोके ठेवायला आपण पंढरपूर गाठतो, त्याच्या काळेपणाचे कौतुक संतांनी शतकानुशतके केले. घरी परतल्यावर तोच रंग सुनेत का खुपावा?

खुपतो, कारण रंगावरून आपण राबणे ओळखतो. सोयाबीनच्या खुरपणीला जाणारी रापते, सावलीत बसणारी उजळ राहते. युरोपातही शेतमजूर उन्हात होता तोवर फिकी कातडी खानदानी मानली जाई. मजूर कारखान्याच्या छपराखाली गेला आणि १९२० नंतर तिथे रापलेली कांती सुट्टीची, श्रीमंतीची खूण झाली. खरे तर त्वचेला सावळेपणा देणारे मेलॅनिन प्रखर उन्हातल्या अतिनील किरणांपासून रक्षण करते. मराठवाड्याच्या उन्हात ते शरीराचे धन आहे.

‘साधे क्रीम लावले तर काय बिघडते?’ बरेच बिघडते. १९७५ मध्ये आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० मध्ये नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ केले, पण गोरेपणाची हाव तशीच राहिली आणि तिच्या आधाराने याहून घातक मलमे खेड्यापाड्यांत पोचली. बीटामेथासोन, क्लोबेटासोल ही स्टेरॉइडे खाज-इसबाची औषधे आहेत. मुली ती गोरे होण्यासाठी महिनोन्‌महिने चेहऱ्याला चोळतात. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल पडते, मुरुम आणि लव येते. मलम थांबवले की आग आणखी भडकते, म्हणून पुन्हा तेच मलम. २०१८ मध्ये केंद्राने अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. काही बेकायदा क्रीममध्ये पारा असतो. तो त्वचेतून शिरून मूत्रपिंडे निकामी करू शकतो.

म्हणून माझे मागणे मुलाकडच्यांना आहे. वधू-वर मेळाव्यांच्या फॉर्मवरून, बायोडाट्यातून ‘वर्ण’ हा रकाना काढा, आणि मध्यस्थाने रंग विचारला तर बैठक तिथेच थांबवा. मुलीला समजावत बसू नका. तिच्या रंगात समजावण्यासारखे काही नाही.